टाच टेकल्यावर

धोंडीबांनी चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि तरीही ते दाराबाहेरच उभे राहिले. आत चार कॉम्प्युटर प्लास्टिकची आवरणं ओढून बसले होते. पाचव्याचं आवरण काढून त्यांची धाकटी मुलगी स्वप्ना त्याची घडी घालत होती. रविवारी दुपारी तासगावातला हा क्लास बंद असायचा. पण शिकवणारी तीच, म्हणून किल्ली तिच्याकडे.

"समदेच काढत्यात चपला?" त्यांनी विचारलं.

"समदे. मालकबी काढत्यात. धुळीनं मशीन बिघडतं."

उत्तर पटलं असावं. ते आत आले आणि चाकांच्या खुर्चीवर, ती हलणार नाही अशा बेतानं, टेकले.

त्यांना इथवर आणायला चार दिवस लागले होते. सांगलीत अजितकुमार नावाच्या गृहस्थांचा कॅसेटचा स्टुडिओ होता आणि जत्रेच्या गाण्यांना कॉम्प्युटरवर ताल बसवून देणारं माणूस त्यांना कायमचं हवं होतं. स्वप्नाला ते काम अगदी मनापासून हवं होतं. क्लासात तोच तो धडा शिकवून ती विटली होती. पुण्याच्या मैत्रिणीनं तिला एक सीडी पाठवली होती. त्यातल्या प्रोग्रॅममध्ये ओळीच्या ओळी लिहायची भानगड नव्हती. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि माउसनं एकीपासून दुसरीपर्यंत तार ओढायची. एक चौकट टिकटिक करणार, दुसरी ती मोजणार, तिसरी आवाज काढणार. तार जोडली की वाजलं, काढली की गप्प. पहिला आठवडा तर नुसती टिकटिक ऐकूनच स्वारी खूश होती. मग महिनाभर डोकं खाजवून तिनं हलगी उभी केली. आवाज घेतला बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाचा, पट्टी मारून.

अजितकुमारांनी ती ऐकली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. हे घड्याळ झालं, ते म्हणाले, हलगी कुठाय? सोमवारपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो.

हलगी जाणणारा माणूस स्वप्नाच्या घरातच होता, पण त्याच्यासमोर हलगीचं नाव काढायची सोय नव्हती. आटपाडीकडच्या आपल्या गावात धोंडीबा विसाव्या वर्षापर्यंत हलगी वाजवत. म्हणजे वाजवावी लागे. छप्पन साली धम्म घेतला, पुढच्या चैत्रात वस्तीनं गावकीची कामं सोडली आणि एका दुपारी सहा हलग्या विहिरीत गेल्या. नंतर ते तासगावला आले आणि एसटीच्या डेपोत टायर उचलता उचलता म्हातारे झाले. पण अजूनही कुणाच्या वरातीत हलगी घुमली की ते रस्ता बदलत. स्वप्नाला हे सगळं ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना तिची आई येसूबाई भाकरी मोडत म्हणाली, की हात लावा असं कोण म्हणतंय, पण तोंडानं सांगायला काय जातंय? धोंडीबांनी ताटात पाणी ओतून हात धुतले. सकाळी मात्र दाढी करून तयार होते.

"म्या कशालाच हात लावनार न्हाई," आता त्यांनी बजावलं.

"नका लावू."

तिनं हलगी वाजवून दाखवली. पडद्यावरची चौकट दर ठोक्याला लुकलुकत होती आणि धोंडीबा तिच्याकडे, डेपोत इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्या माणसासारखे, मान तिरपी करून बघत होते.

"ठोकं बराबर हायत," ते म्हणाले. "पर ही हुबं ऱ्हाऊन वाजिवल्याली हाय."

"मग कशी वाजवत्यात?"

बाहेरून बेदाण्याचा एक ट्रॅक्टर गेला.

"पालखी आमच्याकडं तोंड करून यायची," ते म्हणाले. "संगं पाटील. त्यास्नी पाठ दाखवायची न्हाई. मंग देवळापास्नं येशीपतुर उलटं चालायचं, वाजवत. मागं धोंडा हाय का खड्डा, कळायचं न्हाई. टाच टेकल्याबिगर फुडचा ठोका टाकायचा न्हाई. म्हनून तिसरा ठोका जरा मागं ऱ्हातुय. त्यो ताल न्हवं, पोरी. ती टाच हाय."

स्वप्नानं उशीर करणारी एक चौकट तिसऱ्या ठोक्याच्या तारेत घातली. चाळीस, पन्नास, साठ असे आकडे घालून बघितले. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले सत्तर भाग उशीर. सत्तरला बिस्किटाचा डबा गेला आणि खोलीत हलगी उभी राहिली.

तिला इतका आनंद झाला की ती हसतच वळली. धोंडीबांची खुर्ची जागेवर नव्हती. ती मागं सरकत सरकत भिंतीला जाऊन लागली होती, आणि खाली त्यांची अनवाणी टाच अजून फरशी चाचपत होती. त्यांना स्वतःला ते कळलेलं नव्हतं.

"थांबतंय कसं ह्ये?" त्यांनी विचारलं.

तिनं चालू-बंद करायची चौकट दाखवली. फुली असली की वाजतं. तिच्यावर दाबलं की फुली जाते आणि थांबतं.

"कवाबी?"

"कवाबी."

ते उठून आले. हात न लावण्याचं विसरले की काय कोण जाणे, पण त्यांनी माउस धरला, बाण दोनदा चुकवला आणि तिसऱ्यांदा, ठोका अर्धवट असतानाच, चौकट दाबली. खोली गप्प झाली. मग त्यांनी हात पाठीमागं बांधले आणि खोलीच्या या टोकापासून खिडकीपर्यंत चालत गेले. परत आले.

"आता सरळ चालत्याल्या मान्सासाठी कर," ते म्हणाले.

ते चालत राहिले आणि ती ऐकत राहिली. टायर उचलून गेलेला डावा गुडघा त्यांना पाऊल लगेच टाकू देत नव्हता. तिनं हलगी पुन्हा चालू केली आणि उशिराची चौकट तिसऱ्या ठोक्यातून काढून दुसऱ्याच्या तारेत घातली. सत्तर फार होत होते. तीस कमी पडले. चाळीसला ठोका पावलावर बरोबर बसला, आणि धोंडीबा तसेच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अशी हलगी दोघांनीही कधी ऐकली नव्हती.

"त्या सांगलीवाल्याला कंची देनार?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"तुमी सांगा."

"मला नगं इचारू. काम तुजं हाय." चपला घालायला ते बाहेर गेले.

सोमवारी ती सांगलीला गेली तेव्हा पर्समध्ये त्या सीडीसोबत एकच फ्लॉपी होती. सत्तरची हलगी तिनं कालच पुसून टाकली होती, आणि एसटीत बसल्यापासून आपण हातचं काम घालवलं असं तिला वाटत होतं. अजितकुमारांनी कप हातात धरूनच ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. टेबलाखाली त्यांचा बूट हलायला लागला, एकदा चुकला, मग सापडला.

"ही कुठल्या गावची?" त्यांनी विचारलं. "अशी ऐकली नाही कधी. फार जुनी आहे का?"

"नाही," स्वप्ना म्हणाली. "कालची आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कप अजून हातातच होता.

"पुन्हा लावा," ते म्हणाले, आणि तिनं चौकट दाबली.