चादरींच्या गोदामातला डाव

मी गोजरबाई. भवानी पेठेत आमचं चादरींचं गोदाम हाय. गठ्ठे भिंतीला लावून घेतले की मधी जागा राहती, बैलगाडी वळंल एवढी. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तेवढ्या जागंत गुरुबसप्पा पोरांना फुटबॉल शिकवायचा. हसू नका. पयल्यांदा मीबी हसले हुते. "अवो, फुटबॉलला मैदान लागतंय की," म्हटलं, तर म्हणाला, "अक्का, मैदानात पोरगं पळायला शिकतंय. चेंडू कळतोय तो असल्या अडचणीतच."

हा गुरुबसप्पा आमच्या शेजारचा कापडवाला. घरात कानडी, दुकानात मराठी. तरुणपणी हुबळीकडं लई खेळलेला. चेंडूबी त्यानं स्वतःच शिवला, लहानसा, आत मागावरच्या तुटक्या सुताचा गुंता ठासून भरलेला. आपटला तरी उडायचा न्हाय. मग लाथ हाणून काय उपेग? तळव्याखाली घ्यायचा, वढायचा, वळवायचा आन अलगद दुसऱ्याला द्यायचा. इकडं चौघं, तिकडं चौघं, समदी अनवाणी.

दुपारी झरोक्यातनं ऊन आत यायचं, त्यात सुताची कुसं तरंगायची. पायांचा आवाज न्हाय, चेंडूचा न्हाय. मी गठ्ठ्याला टेकून बघत बसायची, आन जागी हाय का झोपलीय, माझं मलाच कळायचं न्हाय. त्या उजेडात माझा भाचा मानसिंग खेळाया लागला की वाटायचं, ह्यो कुटला चेंडू खेळवतोय, चेंडूच त्याच्या मागं फिरतोय मांजराच्या पिल्लागत. पोरगं माढ्याहून माझ्याकडं शाळंला आलेलं. तोंडानं घुमं, पण पाय लई बोलायचे. पुढच्या महिन्यात शाळंच्या संघातनं कोल्हापूरला जायचं ठरलं हुतं. त्या नादात पोराचं जेवणावरबी ध्यान नसायचं.

आन एक दिवस डाव ऐन रंगात असताना त्याचा बाप दारात उभा. हिंदुराव, माझा धाकटा भाऊ. कुणीतरी कान भरले हुते त्याचे.

"शिकाया पाठवलाय का लाथा झाडायला?" म्हणाला. "ऊस उभा हाय, तोडायला माणूस मिळंना. चल घरी!"

मानसिंगच्या तोंडचं पाणीच पळालं. मी भावाला लई झापलं. "आरं मुडद्या, पोराचे पाय तर बघ!" ऐकंल तर शपथ. सरळ डावात शिरला आन पोराचं मनगट धरून वढाया लागला.

गुरुबसप्पाला राग आला की त्याची मराठी पळून जाती. तो ओरडला, "बिडू! ए, बिडू!"

कानडीत बिडू म्हंजे सोड. एरवी मानानं बिड्री म्हणाला असता, पण रागात मानपान कुटला? आता हिंदुरावाला कानडीचं अक्षर ठावं न्हाय. आन आमच्या तोंडात खेळातला भिडू त्यो बिडूच! पोराला वढल्यानं गडी कमी पडलाच हुता. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावतायत.

तो थबकला. "मी? न्हाय बा, मला कुटं येतंय?" म्हणाला, पण हात सुटला हुता. आन खरंच सांगते, पायताण काढून, धोतर वर खोचून गडी आत उतरला की!

गुरुबसप्पाचं तोंड उघडंच. मी डोळं वटारून त्याला गप केलं.

चेंडू आला तसा हिंदुरावानं जोरात लाथ हाणली. चेंडू हलला न्हाय फारसा, हाच बदकन खाली बसला. पोरं फिदीफिदी हसली. मानसिंग हसला न्हाय. बाप उठून उभा राहिला तसा तो खाली वाकला, त्याचा भेगाळलेला पाय दोन्ही हातांनी उचलला आन चेंडूवर ठेवला.

"आबा, दाबू नगा. निस्तं ठिवा."

मग बापानं चेंडू हळूच पोराकडं सरकवला, पोरानं परत बापाकडं. बाकीची पोरं कडंला झाली. चेंडू जायाचा, यायाचा. किती येळ, कुणास ठावं. कुसं तरंगत हुती आन माझा भाऊ तोंडातल्या तोंडात हसत हुता. आपलं लेकरू कुणाला कायतरी शिकवतंय, हे त्यानं कवा बघितलंच नव्हतं. मला तर रडूच फुटलं.

ऊन कललं तसं हिंदुरावानं पायताण घातलं. मानसिंग आपले कपडे आवरायला निघाला.

"कुटं निघालास?"

"माढ्याला. तुमीच म्हणला न्हवं?"

"आन हितं बिडू कमी पडंल त्याचं?" हिंदुराव म्हणाला, आन एकटाच एसटी स्टँडकडं चालू लागला.