क्लचवरचा ठोकळा

बाबा गेल्यानंतर मी शेडचं दार उघडलं ते जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रदर्शनासाठी. त्यांचा ट्रॅक्टर कारखान्यातून आला तसाच, 'मूळ' गटात उभा करायचा आणि पुढे त्यांच्या नावाची पाटी लावायची, एवढंच मला हवं होतं. ओळख पटवायला बाबांचे मित्र मिस्त्रीकाका आले.

बॉनेटवरची अक्षरं कधीच झडली होती. काकांनी गिअरपेटीच्या कडेचं जुनं ग्रीस खरवडलं, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, तेव्हा लोखंडात ओतलेले आकडे दिसू लागले. त्यावरून त्यांनी साल सांगितलं. ट्रॅक्टर माझ्याहून थोरला निघाला. रेडिएटर मूळचा, चाकं मूळची, दिवेसुद्धा. मी मनातल्या मनात बक्षीस घेऊनही टाकलं. मग काका खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

क्लचच्या पेडलवर लाकडाचा जाड ठोकळा बोल्टने आवळलेला होता. ब्रेकवर तसाच दुसरा. सीटही वीतभर पुढे घेऊन नव्याने वेल्ड केलेली. काका म्हणाले, हे कंपनीचं काम नाही. आणि तुझ्या ताडमाड बाबांना ठोकळे कशाला लागले, कोण जाणे. परीक्षकांनी पाहिलं की थेट 'बदललेले' गटात टाकतील. सीट मागे घेऊ, ठोकळे काढू, की झालं. त्यांनी पाना उचलला.

आई दारात मटार सोलत बसली होती.

"भावजी, पाना खाली ठेवा," ती म्हणाली. "ते माझे पाय आहेत."

बाबा त्या ट्रॅक्टरला कुणाला हात लावू देत नसत, हे ऐकतच मी मोठी झाले होते. आई मटार सोलता सोलताच सांगत गेली. मी शाळेत गेले की बाबा तिला शिकवायचे. पाय पोचेनात, तेव्हा टिल्लू टिल्लू म्हणून त्यांनी तिला दिवसभर पिडलं, आणि दुसऱ्या दिवशी ठोकळे बसवून ठेवले. पुढे अर्धी नांगरट तीच करायची.

मला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"तू हट्ट धरला असतास. तुझ्या पायांना ठोकळे पुरवायला अख्खं झाड तोडावं लागलं असतं."

काका हसत हसत मडगार्डला टेकले. मी म्हटलं, 'बदललेले' तर 'बदललेले'. पण मैदानात चालवणार कोण?

आईने मटारचं भांडं माझ्या हातात दिलं. वर चढताना तिला काकांचा आधार लागला. बसल्यावर कुणाचा लागला नाही. काकांनी आणलेली बॅटरी जोडली. इंजिन दोनदा खोकलं, मग धरलं. ट्रॅक्टर अंगणाला वळसा घालून सरळ फाटकाकडे निघाला.

"अगं, कुठे?" मी ओरडले.

"सरावाला. चार लोकांत नाक कापून घेऊ की काय?"

काका फाटक उघडायला धावले. मी भांड्यासकट मडगार्डवर चढले. वळणावर तिने लांबलचक हॉर्न दिला. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.