कौलांवरचा धूर

ठाण्यात प्लेग शिरला त्या साली चर्चमागची गल्ली बघता बघता ओस पडली. माणसं दारांना कुलुपं घालून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली. कॉस्मास मास्तरानेही घराला बाहेरून कुलूप लावलं आणि विचारील त्याला सांगितलं, आईला वसईला मामाकडे पोचवून आलो. आई आतच होती. काखेत गाठ आलेली. प्लेगच्या इस्पितळात नेलेलं माणूस परत आलेलं गल्लीने पाहिलं नव्हतं, आणि म्हातारी रोझाने लेकाला क्रुसावर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं, की मरेन ती माझ्याच खाटेवर. रोज सकाळी तो परसातल्या दाराने आत जाई, पेज शिजवून तिला भरवी आणि गुपचूप बाहेर येई.

अशात गल्लीच्या तोंडाशी टॉलिव्हर चित्राची घोडी मांडून बसू लागला. हा अमेरिकेतला काळा चितारी. पॅरिसला शिकलेला, जग बघायला निघालेला, आणि मुंबईत बोट अडकल्याने पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर उतरलेला. लोक त्याला काफरी म्हणत. पाद्रीसाहेबांनी दुभाष्या म्हणून कॉस्मासला त्याच्याजवळ ठेवलं. टॉलिव्हरला निजलेले रस्ते तैलरंगात रंगवायची हौस होती. इतका गाढ निजलेला रस्ता त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

एके सकाळी कॉस्मासने चित्रात डोकावलं. बंद दारं, दगडी क्रूस, धुळीत पडलेलं ऊन, आणि त्याच्याच घराच्या कौलांवर धुराची बारीक रेघ.

"साहेब, ते घर बंद आहे. तिथे धूर कुठला?"

"मी रोज बघतो की. सकाळी थोडा वेळ असतो." टॉलिव्हर हसला. "अख्ख्या चित्रात जिवंत तेवढंच आहे, मास्तर. ते काढलं तर उरलं काय?"

"पाद्रीसाहेबांकडे प्लेगचे अधिकारी चहाला येतात. चित्र बघतील."

"बघू देत. त्यात काय?"

कॉस्मासने मान खाली घातली. "आत माझी आई आहे."

टॉलिव्हरचा ब्रश थांबला. तो म्हणाला, "माझी आई गुलाम होती. पळून एका माळ्यावर लपली होती. मालकाची माणसं तिला शोधत होती. बरोबर कुत्रे होते." मग त्याने सुरी उचलली, रेघ खरवडली आणि तिथे आभाळ भरून टाकलं. कॉस्मासचा जीव भांड्यात पडला.

रंग ओलाच होता, तेवढ्यात प्लेगचा गोरा साहेब शिपायांसह तिकडून चालला. कुलुपं बघत तो पुढे निघूनही गेला असता. पण चित्र दिसलं तसा थांबला. गोऱ्याला चित्रांची आवड असावी. तो वाकला, आणि चितार्‍याच्या पाठीशी उभं राहिलेलं कुणीही करील तेच त्याने केलं. चित्र पाहिलं, मान वर करून गल्ली पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं.

"सुरेख," तो म्हणाला. "पण तो धूर राहिला की तुमचा."

त्या दिवशी लाकडं ओली होती. चूल अजून धुमसत होती.

"चित्रात शोभेना, म्हणून सोडला," टॉलिव्हर घाईने म्हणाला. पण साहेबाने शिपायांना खूण केली होती.

कुलूप फुटलं. म्हातारीला डोलीत घालून बाहेर आणलं. साहेब कॉस्मासला म्हणाला, "सांग तिला, औषध मिळेल. बरी होऊन घरी येईल."

कॉस्मासने सांगितलं.

"कोनाला फसवतंस रे?" म्हातारी म्हणाली. मग तिची नजर टॉलिव्हरवर गेली. "यो काफरी कोन?"

"चितारी हाय, आये."

"मग सांग त्याला, मना असी काढू नको. केस इंचरले नाय."

कॉस्मासने ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. टॉलिव्हरने ब्रश खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, आणि डोली वळणाआड जाईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.