दिल्लीच्या डॉक्टरला विचारलेला प्रश्न

काचबिंदूने गुणवंतरावांची नजर नेली आणि तेव्हापासून रेडिओच त्यांचं घड्याळ झाला. गाण्यांची त्यांना फारशी हौस नव्हती. दिल्लीहून देशभर ऐकू येणारं एक हिंदी केंद्र होतं, नुसतं बोलणारं. जबलपूरमधल्या घमापुरातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत ते सकाळपासून झोपेपर्यंत चालू असायचं. पहिल्या बातम्या संपल्या की चहा, शेतीवाल्यांच्या गप्पा सुरू झाल्या की आंघोळ, संसदेचा आढावा लागला की रात्रीचं जेवण.

चहा, आंघोळ, जेवण हे सगळं बघणारी प्रणोती, त्यांची मुलगी. शाळेत शिकवायची, पंचेचाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा सचिन नोकरीला पुण्यात होता, तो तिथलाच झाला. घरात राहिले हे दोघं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आंघोळीला बसलेल्या गुणवंतरावांनी बादलीत हात घातला आणि कुरकुरले, "अर्धीच बादली काहून आणली गं?"

"हात भरून आला बाबा. आणते अजून."

तिने दुसरी अर्धी बादली आणली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आंघोळ करून ते खुर्चीत बसले. रेडिओवर कोणी निवृत्त कप्तान समुद्रातल्या वादळाची आठवण सांगत होता. मग मधमाश्यांवर एक भाषण झालं. त्यानंतर निवेदिकेने सांगितलं की आता डॉक्टर श्रोत्यांच्या फोनना उत्तरं देतील आणि आजचा विषय आहे स्त्रियांचे आजार. असलं काही लागलं की गुणवंतराव रेडिओ बंद करायचे. घरात मुलगी वावरत असताना बापाने ते ऐकत बसणं त्यांना अवघड वाटायचं. आज मात्र ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. बटणाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. चालू दे, कोण बघतंय!

बरेलीच्या एका बाईचा फोन झाला, मग कोट्याच्या एकीचा. निवेदिका म्हणाली, "अगली श्रोता जबलपुर से हैं."

आपल्या गावाचं नाव ऐकून ते हरखले. प्रणोतीला हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावरून, गच्चीच्या बाजूने, दबलेला आवाज आला, "हॅलो, डॉक्टर साहब."

आणि क्षणभराने तेच शब्द, त्याच आवाजात, रेडिओतून आले.

पुढचं प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा ऐकावं लागलं. आधी जिन्यावरून पुसट, मग रेडिओतून स्वच्छ.

"मेरे सीने में गाँठ है. पहले चने जैसी थी. अब ऊपर की चमड़ी भी खिंच गई है."

"कब से है?"

"पिछली दिवाली के पहले से."

"किसी को दिखाया?"

"नहीं. पिताजी देख नहीं सकते. मैं अस्पताल में पड़ गई तो उन्हें कौन सँभालेगा?"

"बहनजी," डॉक्टर म्हणाला, "मैं आपको झूठी तसल्ली नहीं दूँगा. आज ही जाइए. कल नहीं, आज."

"जी," ती म्हणाली. पुढचा फोन भोपाळचा होता.

गुणवंतराव खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. प्रणोती खाली आली. स्वयंपाकघरात भांडी वाजली, फोडणीचा वास आला. तिने नेहमीसारखं ताट मांडलं, त्यांचा हात धरून भाजी कुठे, वरण कुठे ते दाखवलं. आत्ता सांगेल, मग सांगेल, म्हणून ते घासागणिक थांबत होते. ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे नं?"

जेवणानंतरच्या बातम्या झाल्या. मग नभोनाट्य लागलं, विनोदी. कोणीतरी कोणाच्या तरी सासऱ्याला चोर समजून कोंडून ठेवलं होतं आणि सगळे खो खो हसत होते. गुणवंतरावांना ते हसणं सोसेना. त्यांनी रेडिओ बंद केला.

घर एकदम गप्प झालं. प्रणोती धावत बाहेर आली. "काय झालं बाबा? सेल गेले का?"

"मीच बंद केला."

"काहून?"

"पोरी, मी ऐकलं."

तिचा आवाज चढला. "तुम्ही तर बायांचं काही लागलं की बंद करता नं! आजच काहून ऐकलं?"

"तू मला काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुम्हाला? सचिनला फोन करून सांगू, का शाळेतल्या सरांना?" ती आता रडत होती. "तो डॉक्टर मला ओळखत नाही. त्याला सांगता आलं, म्हणून सांगितलं."

"चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"सोमवारी जाऊ नं. आज—"

गुणवंतराव उठले. काठी सापडली नाही, चप्पल सापडली नाही. भिंत चाचपत ते दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडला आणि अनवाणीच गल्लीत उतरले. कित्येक वर्षांत ते एकटे बाहेर पडले नव्हते. एक स्कूटर कर्कश ब्रेक लावून त्यांच्यापाशी थांबली. "ओ भैया, ऑटो रोको! कोई ऑटो रोको!" ते ओरडत होते. समोरच्या घरातली अवंतिका धावत आली आणि तिने त्यांचा दंड धरला. मागून प्रणोती येऊन म्हणाली, "बाबा, घरात चला. येते मी. जाऊ आपण."

अवंतिकाला सोबत घेऊन ते ऑटोने गेले.

पुढच्या काही दिवसांत तपासण्या झाल्या. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने गुणवंतरावांना बाहेरच्या बाकावर बसवून घेतलं आणि म्हणाली, "अंकल, बहुत देर हो गई. फेफड़ों तक पहुँच गया है." सचिन पुण्याहून आला. दोघांनीही पुण्याला यावं, म्हणून त्याने फार आग्रह केला. प्रणोती नाही म्हणाली, आणि ती नाही म्हणाली म्हणून गुणवंतरावही नाही म्हणाले.

औषधांनी तिचे केस गेले, चव गेली. गुणवंतराव गॅस पेटवायला शिकले. बोटं भाजली, पण चहा करायला लागले. अवंतिका पोळ्या आणून द्यायची. दिवसभर दोघं एकाच खोलीत असायचे आणि रेडिओ निवडणुकांचं, हिमनद्यांचं, मुलांच्या परीक्षांचं काय काय सांगत राहायचा. एका दुपारी त्या बोलण्यातच प्रणोती हळूच म्हणाली, "बाबा, मला फार भीती वाटून राहिली."

त्यांना वाटलं, रेडिओवरचा कोणीतरी आता काहीतरी बोलेल. तिथे पावसाचा अंदाज चालला होता. त्यांनी तिचा पाय चाचपून शोधला आणि धरून ठेवला.

माघात ती गेली, पहाटे, झोपेत. सचिन वेळेवर पोचला नाही.

ग्वारीघाटावर अस्थी सोडायच्या दिवशी सचिन त्यांना धरून एकेक पायरी खाली उतरवत होता. नर्मदेचं पाणी घोट्याला लागलं तसे ते थांबले. विधी झाला. गुरुजी गेले. मागे कोणी प्रसादाचे नारळ विकत होता, नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

"बाबा," सचिन म्हणाला, "आता तरी चला पुण्याला."

गुणवंतरावांनी ओला हात धोतराला पुसला.

"चल," ते म्हणाले. "आता कुठंही चल."