पिवळा चष्मा

ज्यांना सगळे कवळीमास्तर म्हणत, त्या गृहस्थांच्या हातचे दात शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात होते. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे. मास्तर मेणात एकेक दात बसवायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे, आणि चार दिवसांनी कोणीतरी अनोळखी माणूस ती कवळी लावून पुन्हा मोकळेपणानं हसायला लागायचा. काम बारीक आणि सगळं नजरेचं. सव्वीस वर्षं ते हेच करत होते, आणि कामावर जाणंयेणं सव्वीस वर्षं सायकलवरूनच चाललं होतं. येताना शेवटचा दोनेक मैलांचा रस्ता कालव्याकाठून होता. तिथे दिवे नव्हते.

दिवस लहान होत चालले तशी परतायच्या वेळी काळोख व्हायला लागला. एके संध्याकाळी त्या रस्त्यावर एक किडा सुसाट येऊन मास्तरांच्या उजव्या डोळ्यात घुसला. डोळा तीन दिवस टोमॅटोसारखा लाल होता. त्या तीन दिवसांत त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी एका डोळ्यानं बसवली. ती लावून मुख्याध्यापक बोलले की शिट्टी वाजायची. कवळी परत आली, मास्तरांनी ती नव्यानं केली आणि वर माफीही मागितली.

ही हकीकत घरी मेव्हण्याच्या कानावर गेली. मेव्हणा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, जगातल्या प्रत्येक वस्तूतलं त्याला कळत असे. दुसऱ्याच दिवशी तो पिवळ्या काचांचा चष्मा घेऊन हजर झाला. खोक्यावर रात्रीच्या रस्त्याचं आणि मोटारीचं चित्र होतं.

"भावोजी, हा खास रात्रीचा," तो म्हणाला. "घाला, अंधाराचा दिवस होईल."

मास्तरांनी तिथेच घातला. दिव्याखालची खोली एकदम उन्हात न्हायल्यासारखी दिसली. सगळ्यांना तो चष्मा पसंत पडला, मास्तरांना तर फारच. किड्यांचा प्रश्न मिटला आणि विषय संपला.

महिनाभरानं मास्तर पहिल्यांदा खड्ड्यात गेले. खड्डा काही लहान नव्हता, तरी चाक आत आपटेपर्यंत तो त्यांना दिसलाच नाही. चालायचंच, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात काळा कोट घातलेले एक आजोबा रस्त्याच्या कडेनं चालले होते. त्यांच्या अगदी पाठीशी पोचल्यावर मास्तरांना ते दिसले. कसंबसं त्यांनी हँडल वळवलं. आजोबांना पत्ताही लागला नाही, पण मास्तर पुढच्या झाडापाशी उतरले आणि बराच वेळ सायकल धरून उभे राहिले. त्यांना वडील आठवले होते.

वडील बस चालवायचे. पन्नाशीच्या आसपास ते तिन्हीसांजेला दारात थबकायला लागले, भिंतीला हात लावून पायऱ्या उतरायला लागले. कोणाला काही बोलले नाहीत. डेपोत सांगून त्यांनी फक्त दिवसाच्या फेऱ्या मागून घेतल्या. पुढे एका संध्याकाळी बस दुभाजकावर चढली तेव्हा सगळं बाहेर आलं. माणसं वाचली, नोकरी गेली. डोळ्यांचा पडदाच हळूहळू निकामी होत होता आणि हा आजार घराण्यात उतरू शकतो, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तर आता एक्कावन्न वर्षांचे होते. शिकायला दुसऱ्या गावी राहणारी एक मुलगी होती, आणि स्वतःपेक्षा त्यांना तिचीच धास्ती जास्त वाटली.

चष्म्याबद्दल त्यांना शंका आली नाही. उलट, चष्मा आहे म्हणून निदान एवढं तरी दिसतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ते तो आणखी जपून वापरू लागले. घरी सगळे झोपले की ते स्वयंपाकघरातला दिवा घालवून उभे राहत. ओटा दिसायचा, नळ दिसायचा, खुर्च्या दिसायच्या. पण हे स्वयंपाकघर तर डोळे मिटूनही दिसलं असतं, म्हणून त्या दिसण्यावर त्यांचा विश्वास बसेना.

कालव्याच्या रस्त्यावर ते आता उतरून सायकल ढकलत येऊ लागले. घरी यायला पाऊण तास उशीर व्हायचा. कामं वाढलीत, असं ते बायकोला सांगायचे.

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण त्या पोस्टात काउंटरवर बसायच्या. पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईपासून गावातलं काही लपत नाही. कालव्यापलीकडे राहणाऱ्या एका बाईंनी पाकिटावर तिकीट लावता लावता सहज विचारलं, की तुमच्या यजमानांच्या सायकलला झालंय तरी काय, रोज ढकलतच नेतात. मास्तरीणबाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि पंक्चरचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी मात्र त्या लगेच काही बोलल्या नाहीत. नवरा आपणहून सांगतो का, याची त्यांनी चार दिवस वाट पाहिली.

पाचव्या दिवशी मास्तर आले तेच गुडघा सोलवटून. रस्त्याचं काम चाललं होतं आणि तिथे लावलेल्या आडव्या बांबूवर ते सायकलसकट जाऊन आदळले होते. ढकलत असतानासुद्धा. मास्तरीणबाईंनी गुडघा धुतला, औषध लावलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मला अंधारात दिसेनासं झालंय. बाबांसारखं."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर पडलं. आजोबांचा काळा कोट, स्वयंपाकघरातला अंधार, मुलीची काळजी. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, की दीड महिना हे ओझं एकट्यानं वाहिलंत याचा हिशोब आपण नंतर करू, उद्या आधी डॉक्टरांकडे जाऊ.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. वडिलांची हकीकत त्यांनी बारकाईनं विचारून लिहून घेतली. मास्तरांना एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. समोरच्या पांढऱ्या पोकळीत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं होतं. मास्तरांनी बटण इतकं घट्ट धरलं होतं की अंगठा पांढरा पडला. मग थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डॉक्टरीणबाई झगझगीत उजेडात दोन्ही डोळ्यांच्या आत बघत राहिल्या. वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. मास्तरांना ते युगासारखं वाटलं. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला.

"पडदा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसणंही उत्तम आहे. तुमच्या वडिलांना होतं त्याचं इथे नावनिशाण नाही."

मास्तरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. मास्तरीणबाईंनी पर्स उघडली, आत काहीच शोधायचं नव्हतं, पुन्हा मिटली.

"मग मला दिसत का नाही?" मास्तरांनी विचारलं.

"रात्री सायकलवर काही घालता का डोळ्यांना?"

मास्तरांनी खिशातून चष्मा काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी तो स्वतःच्या नाकावर चढवला, उठून खोलीतला दिवा घालवला आणि अंधारातून त्यांचा आवाज आला, "अहो, मला तर माझी खुर्चीसुद्धा दिसत नाही."

दिवा लावून त्यांनी समजावलं. उजेडात पिवळं सगळं छान उठून दिसतं, म्हणून माणूस फसतो. पण अंधारात मुळात जो थोडासा उजेड डोळ्यांपर्यंत येतो, त्यातलाही काही ही काच अडवते. त्यात ही स्वस्त काच रोज शर्टाच्या टोकानं पुसून पुसून अशी घासली गेली होती की समोरून दिवा आला की तिच्यावर नुसतं धुकं पसरायचं. रात्री काच लागते ती साफ पांढरी, पाण्यासारखी. थेंबांचा असर असेपर्यंत काही पारखू नका, उद्या या, खाली चष्म्याचं दुकान आहे, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर पडल्यावर मास्तरांना उजेड सहन होईना. बायकोनं त्यांचा दंड धरला. दोघं जिना उतरली. खालच्या पायरीवर मास्तर थांबले आणि म्हणाले, "बाबांना इतकं नीट कोणी बघितलंच नसणार गं." डोळ्यांतून पाणी येत होतं ते थेंबांमुळे की आणखी कशामुळे, हे बायकोनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात मास्तर सायकलचं हेल्मेट डोक्यावर घालूनच गेले. दुकानदार गालातल्या गालात हसला, पण म्हणाला की हेच बरोबर, नाहीतर लोक चष्मा घेऊन जातात आणि मग दांड्या हेल्मेटच्या पट्ट्यांना अडतात. त्यानं पाच-सहा चष्मे काढले. सगळे पांढरे, न फुटणाऱ्या जातीचे, कडेनं वळलेले. पहिला सुंदर होता, पण गालाशी बोटभर फट राहत होती, तिथून किडा आरामात आत गेला असता. दुसरा इतका घट्ट होता की मास्तरांनी श्वास सोडताच काच धुरकटली. तिसऱ्याला वरच्या बाजूला बारीक झरोके होते. मास्तरीणबाईंनी नवऱ्याला मान जोरात हलवायला लावली. चष्मा जागचा हलला नाही.

मास्तर मात्र सहजी हो म्हणेनात. दाताची एक कड घासायला अर्धा दिवस घालवणारा माणूस, त्यांना अंधारातच बघायचं होतं. दुकानदार त्यांना मागच्या गोदामात घेऊन गेला, दार लावलं आणि बाजूनं टॉर्चचा झोत टाकला. पहिल्या काचेवर दिवा फुटून दहा ठिकाणी चमकला. तिसऱ्या काचेवर चकाकी रोखणारा लेप होता, तिच्यातून टॉर्च एकच दिसला. आणि टॉर्च बंद झाल्यावर मास्तरांना हळूहळू कपाटाची कड दिसायला लागली, मग वरची खोकी, मग दाराखालची उजेडाची रेघ आणि तिच्यापलीकडे बाहेर उभ्या असलेल्या आपल्या बायकोच्या चपला.

"हाच," ते म्हणाले.

दुकानदारानं बजावलं, की हा पाण्यानं धुवायचा आणि मऊ फडक्यानं टिपायचा, शर्टाला अजिबात लावायचा नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, की त्यावर मी लक्ष ठेवीन. मेव्हण्याला काय सांगायचं, यावर येताना दोघांची थोडी चर्चा झाली. बिचाऱ्यानं प्रेमानं दिला होता. शेवटी ठरलं की खरं ते सांगायचं, पण जेवण झाल्यावर.

सोमवारी कामावरून निघताना पूर्ण काळोख झाला होता. कालव्याच्या तोंडाशी मास्तर सवयीनं उतरले, मग पुन्हा बसले. आधी हळू, ब्रेकवर बोटं ठेवून. सायकलच्या दिव्यात रस्ता स्वच्छ उलगडत गेला. खड्डा दिसला, त्याला त्यांनी लांबूनच वळसा घातला. खोदलेल्या जागेचा बांबू दिसला. पाण्याच्या कडेला कोणीतरी विसरलेली बादली दिसली आणि पलीकडच्या काठावर बसलेलं एक मांजर. काचेवर टपटप किडे आपटत होते आणि त्यांची मास्तरांना काही पर्वा नव्हती. ते मोठ्यानं काहीतरी गुणगुणायला लागले.

घराचं वळण आलं, खिडकीत उजेड होता. मास्तर वळले नाहीत. कालवा संपेपर्यंत, पाणी सोडायच्या दारांपर्यंत ते तसेच पुढे गेले, तिथे एक पाय टेकून क्षणभर थांबले, आणि मग घराकडे निघाले.