उलटी फिरलेली पवनचक्की

वारा औषधालासुद्धा नव्हता. कालव्याच्या पाण्यावर एक सुरकुती उठत नव्हती, आणि अख्खं गाव पवनचक्कीसमोरच्या कुरणात माना वर करून उभं होतं. पांढऱ्याशुभ्र स्वेटरातल्या एगबर्ट फान लून यांनी दोन्ही हात आभाळाकडे उचलले, डोळे मिटले आणि घसा खाकरला.

"वोब्बे, तू इथं आहेस. मला तुझी कंपनं जाणवतात. तुझ्या तीत्स्केला खूण दे."

चक्की करकरली. चारही पाती हळूच हलली, साधारण पाव फेरी फिरली आणि थांबली. पोस्टातल्या डाऊवेनं टोपी काढली. त्याचं पाहून बाकीच्यांनी काढल्या. पुढच्या खुर्चीत बसलेल्या तीत्स्केमावशी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मेलेल्या नवऱ्याला नावानं हाक मारली.

माझी टोपी मात्र डोक्यावरच राहिली. मी गुरांचा डॉक्टर आहे. आयुष्य गोठ्यांत गेलं, पण मेलेली गाय शेपूट हलवताना मी एकदाही पाहिलेली नाही. मेलेला चक्कीवाला बारा मीटर लांबीची पाती हलवतो, हे माझ्या पचनी पडणं कठीण होतं.

पण गाव का भुललं, तेही सांगितलं पाहिजे. आम्हा फ्रीसलंडच्या लोकांना वर्तमानपत्रापेक्षा पात्यांची भाषा लवकर कळते. समोरून पाहिलं तर पातं उजवीकडून वर चढतं आणि डावीकडे उतरतं. वरचं पातं माथ्यावर पोचण्याआधी थांबवलेलं असलं, की घरात लग्न किंवा बारसं आहे असं समजायचं. माथा ओलांडून थोडं पुढं गेलेलं असलं, की कुणीतरी गेलं. ही खूण दिसली की आमच्याकडं कुणी खातरजमा करत बसत नाही, जो तो सरळ कॉफीचं आधण ठेवतो.

आणि खुद्द वोब्बे गेला, तेव्हा चक्कीला दोनच पाती उरली होती, तीही कुजलेली. ज्यानं गावातल्या प्रत्येक मयताला पाती लावली, त्याला दुखवट्याची खूण मिळाली नाही. ती बोच सगळ्यांना होती. त्या बोचेपायीच आम्ही चक्की दुरुस्त करायला घेतली. दर शनिवारी कुणी छप्पर शाकारलं, कुणी आतल्या चाकांच्या दात्यांना मेण लावलं, कुणी नुसतंच वाटाण्याचं सूप ढवळत सल्ले दिले. चक्की मावशींच्या मालकीची. काम पुरं झालं की ती गावाच्या नावे करून द्यायची, असं त्यांनीच ठरवलं होतं. या वसंतात नवी पाती चढली, आणि नेमके तेव्हाच, आपण मेलेल्यांशी बोलतो म्हणणारे फान लून बाहेरून उगवले.

त्यांनी मावशींकडं कॉफी प्यायली, केक खाल्ला आणि वोब्बेचा आत्मा चक्कीत अडकल्याचं निदान केलं. मग उपाय आले. वोब्बेच्या हाताचं जुनं शीड, म्हणजे वारा धरायला पात्यावर ताणतात ते जाड कापड, रात्रभर कालव्यात भिजवायचं, 'म्हणजे त्यातले अश्रू विरघळतील'. ते ओलं गुंडाळून एका पात्याच्या टोकाला बांधायचं आणि ते पातं दुखवट्याला लावायचं, माथ्याच्या जरासं पुढं. वारा अजिबात नको, 'वाऱ्यानं आत्मा पांगतो'. चक्कीच्या मागं कुणी फिरकायचं नाही, कारण आत्मा मागून येतो आणि जिवंत माणसाची नजर त्याला भाजते. मागं फक्त सौ. फान लून बसणार. त्यांची नजर भाजत नसावी.

तर त्या संध्याकाळी पाती दुखवट्यावरून निघाली आणि थेट आनंदाच्या खुणेवर येऊन थांबली. वोब्बे सुखी झाला, गाव गहिवरलं. वोब्बेची पुढची इच्छा फान लून यांनी दुसऱ्याच दिवशी ऐकली. चक्की गावाला नको, फान लून यांच्या 'मौनधाम' नावाच्या आश्रमाला द्यावी. गावकरी फार ठोकाठोक करतात, त्यानं आत्म्याची झोपमोड होते म्हणे.

मावशी तयार झाल्या. पुढच्या शनिवारी तशाच सभेत, वोब्बेच्या साक्षीनं सही करायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी मी शाळेत गेलो. आमच्या शाळेच्या बाई हिस्के वर्गात एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी दोन पट्ट्या फुलीसारख्या ठेवून मधोमध खिळ्यानं भिंतीवर अडकवल्या होत्या, आणि एका टोकाला फळा पुसायचा ओला स्पंज बांधला होता.

"डॉक्टर, हे बोटानं दाबून धरा. आता सोडा."

मी सोडलं. स्पंजवालं टोक खाली घसरलं आणि पट्ट्या फिरल्या.

"वोब्बे तुमच्या शाळेतही आला वाटतं," मी म्हणालो.

"भिजलेलं शीड उचललंय कधी? दोन माणसं लागतात. ते पात्याच्या अगदी टोकाला बांधलंय. पातं माथ्याच्या डावीकडं कललेलं. सुटलं की डावीकडंच खाली येणार, दुसरीकडं जाईल कुठं?"

"पण सुटेल कसं? ब्रेक असतो ना."

"ब्रेकचा दोर कुठं लोंबतो?"

मी कपाळावर हात मारला. दोर मागं लोंबतो. ओढला की चक्की मोकळी, सोडला की जखडली. आमच्यातला प्रत्येक जण त्या दोराला कधी ना कधी लटकलेला होता.

"मग सांगून टाका की गावाला."

"डाऊवेला सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्हाला गणित येतं, पण काळीज नाही." हिस्केबाईंनी स्पंज पिळला. "माझं ऐकणार नाहीत. चक्कीचं ऐकतात ना, मग तिलाच बोलू दे. उद्या शीड बांधायची पाळी आपल्या टोळीची आहे. आपण फक्त एकच गोष्ट बदलायची."

शनिवारी सकाळी खालच्या पात्याला ओलं शीड बांधलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते पातं दोरानं ओढत उजवीकडून वर चढवलं. माथा यायच्या जरासं आधी बाईंनी हात वर केला.

"बास. ब्रेक लावा."

"अहो बाई, हे आनंदाला लागलं," डाऊवे म्हणाला.

"मग? आज मावशी सही करणार. शुभ दिवशी दुखवटा कशाला?"

डाऊवेला ते पटलं. संध्याकाळी फान लून आले, त्यांच्याही कानावर हे घातलं. "वा, किती समर्पक," ते म्हणाले आणि सहीचा कागद घेऊन आलेल्या वकिलांचं पेन चालतंय का ते बघायला गेले. पात्यांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सौ. फान लून विणकाम घेऊन मागं गेल्या.

"वोब्बे," फान लून डोळे मिटून सुरू झाले, "तुझ्या पत्नीच्या हातात लेखणी आहे. तुझी संमती आम्हाला कळव."

चक्की करकरली आणि पाती उलटी फिरू लागली.

फ्रीसलंडच्या माणसाला यातलं विपरीत समजावून सांगावं लागत नाही. घोडा मागं मागं चालत बाजाराला निघाला, असं ते दृश्य होतं. कुरणात कुजबूज सुरू झाली. फान लून यांचे डोळे मिटलेलेच होते, ती कुजबूज त्यांना भक्ती वाटली असावी.

"पाहा, पाहा, वोब्बे आनंदानं नाचतोय! त्याच्या मनासारखं झालंय. आता तो आनंदाच्या खुणेवर विसावेल."

पाती थांबली. वरचं पातं माथ्याच्या डावीकडं होतं. सरळसरळ दुखवटा.

"साहेब," डाऊवे म्हणाला, "डोळे उघडता का जरा?"

फान लून यांनी डोळे उघडले, वर पाहिलं, पण खुणा त्यांना नुसत्या ऐकून पाठ होत्या, त्यामुळं त्यांना काही कळलंच नाही. "पाहिलंत? आनंदी आनंद," ते म्हणाले. तेव्हा मात्र मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी त्यांच्या कानात काय घोटाळा झाला ते सांगितलं. त्यांनी लगेच सूर बदलला. "आत्म्यांचं जग आपल्या जगाचं प्रतिबिंब असतं. तिथून येणारी खूण कधी कधी उलटी—"

"वोब्बेनं जन्मात चक्की उलटी जाऊ दिली नाही," तीत्स्केमावशी म्हणाल्या. "उलटी गेली की ब्रेक नीट धरत नाही, हे तो झोपेतसुद्धा बडबडायचा."

त्यांनी पेन वकिलांच्या हातात ठेवलं, काठी घेतली आणि चक्कीला वळसा घालून मागं निघाल्या. "मावशी, नका, आत्मा भाजेल," असं म्हणत फान लून धावले, पण मी त्यांच्या वाटेत उभा होतो आणि मी बैल अडवण्यात मुरलेला आहे.

मागं स्टुलावर सौ. फान लून बसल्या होत्या. विणकाम मांडीवर, आणि ब्रेकचा दोर मनगटाला दोन वेढे घालून हातात.

"तोल जात होता," त्या म्हणाल्या. "म्हणून आधाराला धरला."

मग हिस्केबाईंनी काही लपवून ठेवलं नाही. ओल्या शिडाचं वजन, कललेलं पातं, दोर, सगळं सांगितलं. शीड माथ्याच्या डावीकडं नेऊन डाऊवेलाच दोर ओढायला लावला, पाती सुलटी फिरली. उजवीकडं नेलं, उलटी फिरली. शीड सोडून बाजूला ठेवलं आणि दोर ओढला, तर काहीच हललं नाही. शीड नाही तर वोब्बेही नाही. तोवर फान लून दांपत्याची मोटार रस्त्याला लागली होती. डाऊवे मागं धावला, पण पोस्टातला माणूस तो, मोटार गाठण्याआधीच दमला.

लोक हसायला लागले. एकमेकांना टपल्या मारू लागले. 'मला आधीच संशय होता' म्हणणारे तर इतके निघाले, की मग त्या दिवशी टोप्या काढल्या कुणी हाच प्रश्न पडावा. हे हसणं मला त्या स्वेटरवाल्यापेक्षा जास्त झोंबलं.

मावशी त्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"वकीलसाहेब, चक्की गावाच्या नावे करायचा कागद आणा. सही करते." त्यांनी सही केली आणि मग आमच्याकडं पाहिलं. "आता हसून झालं असेल तर ऐका. मला त्याचा निरोप हवा होता. मी अडाणी नाही, मला तो हवा होता, म्हणून मी फसले. पण तुम्हाला काय झालं होतं? दर शनिवारी याच दोराला लोंबकळता. शिडाचं वजन तुम्हीच खांद्यावरून वाहिलंत. एकालाही इथं मागं येऊन बघावंसं वाटलं नाही?"

डाऊवे टोपीची कड कुरतडत राहिला.

"आठ दिवस तो माझ्याशी बोलत होता. आज तो पुन्हा गेला. त्या माणसानं मला दुसऱ्यांदा विधवा केलं, आणि तुम्ही टोप्या काढून उभे राहिलात. यापुढं कुणी चमत्कार घेऊन आला, तर टोप्या डोक्यावरच ठेवा आणि आधी मागं जाऊन बघा."