डाव्या स्पीकरमधला घूं

"आधी बटण बंद कर," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नकोस."

धनेशने बटण दाबलं. अँप्लिफायरवरच्या चार काचेच्या व्हॉल्वमधला नारिंगी उजेड हळूहळू मावळला आणि डाव्या स्पीकरमधून येणारा तो घूं आवाजही थांबला. बाहेर अंगणात टेम्पोतून मांडवाचे बांबू उतरवत होते. उद्या धनेशच्या बहिणीची, समृद्धीची हळद.

"चहा घ्या ना बाई. बसा तरी."

"चहा प्यायला नाही आले मी. ग्रुपवर काय लिहिलंयस ते वाच."

"सोडा ना ते. रागात लिहिलेलं."

"रागात लिहिलेलंसुद्धा लोक वाचतात. वाच."

तिशीतला, दाराबाहेर दोन गाड्या उभ्या असलेला माणूस, पण बाईंसमोर शाळेत उभा असल्यासारखा मोबाइल धरून उभा राहिला. "ठाकुर्लीच्या वासंतीबाईंकडे कोणी अँप देऊ नका. एक ट्यूब बदलायला दिलेली, सगळ्या अँपची वाट लावली." त्याने मोबाइल खिशात टाकला. "बास, एवढंच आहे."

"किती लोक आहेत ग्रुपवर?"

"चारशे असतील."

"एवढंच आहे," बाई म्हणाल्या.

त्यांना हे कळलं ते ग्रुपवर असलेल्या उत्तराबाईंकडून. दोघी एकाच शाळेतल्या. उत्तराबाई विज्ञान शिकवायच्या, वासंतीबाई प्रयोगशाळेत मदतनीस. एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बॅटऱ्या जोडून दिल्या आणि तास संपल्यावर रेंगाळणाऱ्या मुलामुलींना, कुणी सांगितलेलं नसताना, दिवा का लागतो ते समजावलं. वडील कल्याणला रेडिओ दुरुस्त करायचे, व्हॉल्व ओळखायची नजर त्यांच्याकडून आलेली. निवृत्तीनंतर ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत त्यांनी हेच काम सुरू केलं. आता व्हॉल्वचे रेडिओ कुणाकडे फारसे उरले नाहीत, पण गेल्या काही वर्षांत परवडणाऱ्या किमतीतले हे नवे व्हॉल्वचे अँप्लिफायर घराघरांत शिरले आणि बाईंचा दरवाजा पुन्हा वाजू लागला. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. एकाने दुसऱ्याला सांगायचं, एवढ्यावर चालायचं. गेल्या दोन आठवड्यांत मात्र दरवाजा एकदाही वाजला नव्हता.

"भाद्रपदात मी तुझा डावीकडचा छोटा व्हॉल्व, तू ट्यूब म्हणतोस तो, बदलला," बाईंनी पिशवीतून जुनं सुती फडकं काढलं. "घरी नेलास तेव्हा आवाज होता?"

"नव्हता. दसऱ्यानंतर चालू झाला."

"म्हणजे महिनाभर नीट चालला. मग माझं नाव कुठून आलं?"

"ठाण्याचा शोरूमवाला बोलला. लोकल माणसाने घातलेली ट्यूब असणार, सेट मॅच नसणार. चारी बदलल्या मग. तरी हम, हा घूं, येतोच. परत बोलला ह्या कंपनीच्या नको, त्या टाका. त्या पण टाकल्या."

"त्याने यंत्र बघितलं?"

"फोटो पाठवलेला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. राग आला की त्या असंच करायच्या. समोरच्यावर ओरडायची सवय शाळेत लागलीच नव्हती, तो हक्क सरांचा. "फोटोत घूं ऐकू येतो का रे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं, ये इकडे. आता नीट बघ, आणि पुढच्या वेळी असा खुळ्यासारखा फसू नकोस."

त्यांनी अँप्लिफायर पुन्हा सुरू केला. व्हॉल्व तापले तसा डावीकडून घूं आला. बाईंनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. घूं होताच. मग मागची वायर काढून घेतली, बाहेरून काही येऊच नये म्हणून. घूं तसाच.

"म्हणजे आजार बाहेरून आलेला नाही, आत आहे. बंद कर." व्हॉल्व निवेपर्यंत त्या थांबल्या. धनेश चुळबुळला. "थांबायचं," बाई म्हणाल्या. "घाई केली की बोटं भाजतात आणि दोषही भलत्याच्या माथी जातो."

मग फडक्यात धरून त्यांनी पुढचे दोन छोटे व्हॉल्व सरळ वर उपसले. उजवीकडचा डावीकडे, डावीकडचा उजवीकडे. "आता घूं उजवीकडे गेला तर व्हॉल्व खराब. डावीकडेच राहिला तर व्हॉल्वचा काही गुन्हा नाही, ती जागा खराब."

घूं डावीकडेच राहिला. मागच्या मोठ्या दोघांची अदलाबदल केली, तरीही डावीकडेच.

"अरेच्चा," धनेश म्हणाला.

"पाच मिनिटांचं काम. आठ व्हॉल्व विकणाऱ्याला एवढं सुचलं नाही, की सुचवायचं नव्हतं?"

वायर भिंतीतून काढून, निवलेले व्हॉल्व उपसून ठेवून बाईंनी यंत्र उलटं केलं, खालचा पत्रा उघडला. माठ उचलून ठेवला तरी त्यात पाणी राहतं, तशी बंद यंत्रातही वीज साठून राहते, असं सांगत त्यांनी ती रीतसर उतरवली. तोवर डावा हात पाठीमागे. वडिलांची शिस्त. दोन्ही हात आत घातले तर विजेला छातीतून वाट मिळते. मग बॅटरी पेटवून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि डावीकडच्या छोट्या व्हॉल्वची बैठक, म्हणजे त्याच्या पिना जिथे रुततात ती चिनी मातीची वाटी, नीट न्याहाळली.

पिनांच्या दोन भोकांमध्ये लालसर पिवळी खपली धरली होती. टोकाने खरवडली तर भुकटी झाली. बाईंनी ती बोटावर घेतली, नाकाशी नेली आणि बोट धनेशपुढे धरलं.

"हळदकुंकू आहे."

त्याच्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं की त्याला कळलं.

"दसऱ्याला पूजा केलीत यंत्राची?"

"आजीने," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गाड्या, पाण्याची मोटार, सगळ्याला लावते ती. ह्याच्यात दिवे लागतात ना, म्हणून ह्याला जास्तच. ओलं करून दिव्यांच्या बुडाशी लावलेलं. वरून फुलाने पाणी पण शिंपडलं."

"आणि ते आत ओघळलं. ओल गेली, खपली राहिली. दमट हवेत खपली वीज झिरपू देते. तोच तुझा घूं. तू वर आठ नाही, ऐंशी व्हॉल्व बदलले असतेस तरी गेला नसता."

स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन बाई कामाला लागल्या. वाटी लखलखीत होईपर्यंत घासली, समृद्धीचं केस वाळवायचं यंत्र मागवून सुकवली. धनेश सगळा वेळ दाराकडे बघत होता. पलीकडच्या खोलीतून आजीचा खोकला ऐकू येत होता.

"बाई, एक बोलू?" तो अखेर जवळ आला. "आजीला नका सांगू. तिला लय लागेल."

गोदाआजी गावची धवलारीण. लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतचे धवले, म्हणजे विधींची गाणी, तिने म्हणायचे, तिच्या गळ्यावर विधी पुढे सरकायचे. पंचक्रोशीतली दोनशे लग्नं तिने लावली असतील. तीन वर्षांपूर्वी दम्याने गायचा आवाज गेला. धनेशच्या वडिलांनी कधीकाळी भरून ठेवलेल्या दोन कॅसेट तेवढ्या उरल्या होत्या. उद्या नातीच्या हळदीला त्याच लावायच्या, आणि चांगल्या ऐकू याव्यात म्हणूनच तर धनेशने हे यंत्र घेतलं होतं. त्यात आजीच्याच हाताने घूं शिरला, हे तिला कसं सांगायचं?

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग लोकांना काय सांगणार?"

"ते आहे तसंच राहू दे ना. घरच्यांना पण तेच माहीत आहे, तुमच्याकडनं काहीतरी झालं म्हणून. तुम्ही आलात, नीट करून दिलंत, विषय संपला. तुम्हाला काय फरक पडतो?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला.

शाळेत फुटलेल्या चंचुपात्रांची एक वही होती. सरांच्या हातून फुटलं तरी वहीत 'वासंती' लिहायचं, कारण मुलांसमोर सरांचा मान जायला नको. मुख्याध्यापक हेच म्हणायचे, तुम्हाला काय फरक पडतो. एकतीस वर्षं त्यांनी त्या वहीत सही केली होती.

"ऐक धनेश," त्यांचा आवाज कापत होता, पण चढला नाही. "तुझ्या आजीचं मन राखायचं तर तू राख. माझं नाव खर्चून नको राखूस. माझ्याकडे दुसरं काही नाही. तुमच्याकडे जमीन आहे, गाड्या आहेत. माझ्याकडे एवढंच आहे, की ह्या बाईने हात लावलेलं बिघडत नाही. ते तू चारशे लोकांत मोडून टाकलंस, आणि आता मलाच विचारतोस काय फरक पडतो."

"हळू बोला ना बाई."

"हळूच बोलतेय. आयुष्यभर हळूच बोलले." भिंग आणि बॅटरी घेऊन त्या उठल्या. "आणि तुझी आजी लहान बाळ आहे असं तू ठरवलंस. तिला विचारलंस?"

तो अडवायला पुढे झाला, पण बाई पलीकडच्या खोलीत गेल्यासुद्धा.

गोदाआजी खाटेवर बसून सुपारी कातरत होती. बाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी धनेशला यंत्र तिथे आणायला लावलं, भिंग आजीच्या हातात दिलं आणि सातवीच्या मुलीला समजवावं तसं, एकेक पायरी थांबत सगळं सांगितलं. हा दिवा, ह्या त्याच्या पिना, ह्या वाटेने वीज जाते, ह्या वाटेने गाणं जातं. दोघांमध्ये बांध आहे. बांधावर ओलं कुंकू पडलं.

आजी भिंगातून बराच वेळ बघत राहिली. "मंग पानी सुकला तरी वाट रायली?"

"राहिली. रंगाची वाट."

"ना मी रोज ओला फूल वाहिला, मंग रोज ती वाट ओली केली."

"हो मावशी," बाई म्हणाल्या. हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

आजीने भिंग खाली ठेवलं. "तर मना का नाय सांगाचा? काय रं धनेश? मी काय मरनार व्हते काय?"

"आजी, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटला. मंग?" आजीला दम लागला, ती थांबली. "माझे मावशीनी मना धवला शिकवला. बोलायची, कडवा चुकला क मांडवान बोलाचा, चुकला, ना परत म्हनाचा. ढोलकीवाल्यावर ढकलाचा नाय. तू या बायवर ढकललास?"

धनेशने मोबाइल काढला. अंगठा दोनदा फिरवला. "झालं, डिलीट केलं. बस?"

"खोडलंस तर वाचलेलं पुसलं जातं का?" बाई म्हणाल्या. "लिही."

त्याने लिहिलं आणि दाखवलं. 'ट्यूब अँपबद्दल गैरसमज झाला होता. प्रॉब्लेम सॉल्व्ह.'

"गैरसमज कुणाचा झाला होता?"

"बाई, आता एवढं..."

"कुणाचा?"

"लिव ना," आजी म्हणाली. "गोदीनी कुकू लावला लिव. बायची चूक नाय लिव. मना लाज नाय वाटत, तुना कशाला वाटतं?"

तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा नाव आलं, चूक कुणाची ते आलं, न बघता दोष दिला हेही आलं. बाईंनी वाचून मान हलवली. मग यंत्र पुन्हा बाहेर नेऊन, पत्रा लावून, व्हॉल्व एकेक करून आपापल्या जागी बसवले. त्यात भाद्रपदात बसवलेला आपला जुना व्हॉल्व त्यांनी धनेशने काढून टाकलेल्या व्हॉल्वच्या डब्यातून शोधून डावीकडे लावला.

आजी काठी टेकत बाहेर आली. धनेशने मागची वायर जोडून कॅसेट लावली. स्पीकरमधून काहीच आलं नाही, नुसती स्वच्छ शांतता, आणि मग त्या शांततेतून वीस वर्षांपूर्वीची गोदा गायला लागली. अंगणातल्या माणसांनी बांबू खाली टेकवले.

मोबाइल वाजला. धनेशने बघितलं आणि तो ओशाळला.

"काय आलं?" बाईंनी विचारलं.

"तिघांनी अंगठे दिलेत. आणि एकाने विचारलंय..." तो अडखळला. "'कोण वासंतीबाई?' काय लिहू बाई?"

वासंतीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग हात वर करून त्याला गप्प केलं. "ऐकू दे."

कडवं संपलं होतं. घूंमध्ये आजवर बुडालेला एक बारीक आवाज आता स्पष्ट ऐकू आला. पुढच्या ओळीआधी ओढून घेतलेला, जरा लांबलेला श्वास. इकडे खुर्चीत गोदाआजीनेही नेमक्या त्याच वेळी श्वास घेतला, ओठ उघडले, आणि ओळ मात्र स्पीकरमधून आली.